एक लिटर नको, एक थेंब पुरे (बहुतेक वेळा)

दर उन्हाळ्यात ओळखीपाळखीतलं कुणी ना कुणी मला विहिरीचं पाणी आणून देतं, आणि ते हमखास मिनरल वॉटरच्या रिकाम्या बाटलीत असतं. "ताई, तुम्ही ते पाण्याचं टेस्टिंग करता ना, जरा बघा की यात औषध उतरलंय का." औषध म्हणजे फवारणीचं. माणूस एवढ्या लांबून एसटीने बाटली सांभाळत आणतो, त्याला नाही तरी कसं म्हणणार, पण खरं सांगायचं तर त्या बाटलीतल्या पाण्यावर मी काहीही रन केलं तरी येणाऱ्या आकड्याला फारसा अर्थ नसतो. क्लोरपायरीफॉससारखं कीटकनाशक पाण्यात राहायला मुळात नाखूश असतं, प्लॅस्टिक दिसलं की ते बाटलीच्या भिंतीला जाऊन चिकटतं, आणि उलट बाटली आणि तिचं बूच आपल्याकडचं काहीबाही पाण्यात सोडतात. म्हणजे जे शोधायचं ते कमी होतं आणि नको ते वाढतं. सॅम्पल घ्यायचं तर तपकिरी काचेची बाटली, बुचाला आतून टेफ्लॉनचं अस्तर, आणि घेतल्यापासून बर्फात किंवा फ्रीजमध्ये, आणि साधारण आठवड्याच्या आत एक्स्ट्रॅक्शन, म्हणजे औषध पाण्यातून बाहेर काढणं. एवढं सगळं सांगितलं की समोरचा म्हणतो, "एवढं असतंय व्हय." हो, एवढं असतंय.

कारण आपण शोधत असतो ते फारच थोडं असतं. पीपीबी म्हणजे एका लिटरमध्ये एक मायक्रोग्रॅम. युरोपात पिण्याच्या पाण्यात जवळजवळ कुठल्याही एका कीटकनाशकाची मर्यादा ०.१ पीपीबी आहे, सगळी मिळून ०.५. आता आपला नेहमीचा दहा हजार लिटरचा पाण्याचा टँकर घ्या. त्या अख्ख्या टँकरमध्ये ०.१ पीपीबी म्हणजे एकूण एक मिलीग्रॅम औषध. चिमटीत धरायला गेलं तरी सापडणार नाही एवढं. आणि ते शोधायला तुम्हाला टँकर मिळत नाही, बाटली मिळते. आपल्याकडे पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, आयएस १०५०० मध्ये (२०१२ ची आवृत्ती), प्रत्येक औषधाची मर्यादा वेगळी दिलीय, क्लोरपायरीफॉस ३० पीपीबी, डीडीटी १, एंडोसल्फान ०.४, ॲट्राझिन २, मोनोक्रोटोफॉस १. ही यादी लक्षात ठेवा, शेवटच्या नावाकडे परत यायचंय.

तर एवढं थोडं मोजायचं म्हणजे आधी ते गोळा करायला लागतं. जीसीमध्ये, म्हणजे गॅस क्रोमॅटोग्राफमध्ये, तुम्ही पाणी तसंच मारू शकत नाही, कॉलमचं (पदार्थ वेगळे करणाऱ्या त्यातल्या लांब बारीक नळीचं) वाटोळं होतं, म्हणून पाण्यातलं ऑरगॅनिक (औषधासारखे कार्बनी पदार्थ) आधी सॉल्व्हंटमध्ये (विद्रावकात) ओढून घ्यायचं. जुनी, सगळ्यांना पाठ असलेली पद्धत म्हणजे सेपरेटिंग फनेल. एक लिटर पाणी, त्यात ६० मिली डीसीएम (डायक्लोरोमिथेन नावाचा सॉल्व्हंट), हलवा, हलवताना मध्ये मध्ये उलटं धरून कॉक उघडून गॅस सोडा, थर वेगळे होईपर्यंत थांबा, खालचा थर काढा, परत ६० मिली, परत हलवा, असं तीनदा. मग ते १८० मिली सोडियम सल्फेटवरून पाणी काढून घ्यायचं आणि रोटाव्हेपवर (सॉल्व्हंट उडवून लावणाऱ्या यंत्रावर) उडवत उडवत एक मिलीवर आणायचं. डीसीएम ४० डिग्रीला उकळतं. मे महिन्यात दुपारी एसी बंद असला की फनेलचा कॉक उघडताना फुस्स करून जो आवाज येतो ना, तो ऐकून नवीन पोरं दोन पावलं मागे सरकतात. बरोबरच आहे त्यांचं. कॅन्सरवर संशोधन करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेने, आयएआरसीने, डीसीएमला २ए गटात टाकलंय, म्हणजे माणसात कॅन्सर होण्याची बरीच शक्यता असलेलं. पाण्यात विष आहे का ते बघायला आपण प्रत्येक बाटलीमागे १८० मिली दुसरं विष हवेत आणि वेस्टच्या कॅनमध्ये घालवतो, हे मला पहिल्यापासून पटलेलं नाही. त्यात विहिरीचं पाणी गढूळ असेल तर इमल्शन होतं, मध्येच एक फेसाळ थर अडकून बसतो, तो ना वर जातो ना खाली, मीठ टाका, काचेची कांडी फिरवा, वाट बघा, जेवून या, तरी तो तिथेच.

यावर उपाय म्हणून सॉल्व्हंट मायक्रोएक्स्ट्रॅक्शन. कल्पना इतकी साधी की पहिल्यांदा ऐकली तेव्हा मला वाटलं कुणी चेष्टा करतंय. लिटरभर पाण्याला १८० मिली सॉल्व्हंट लावण्याऐवजी ५ मिली पाण्याला सॉल्व्हंटचा एकच थेंब लावायचा, एक मायक्रोलिटरचा, सिरिंजच्या सुईला लटकवून. वीस मिनिटांनी तो थेंब परत सुईत ओढून घ्यायचा आणि सरळ जीसीला इंजेक्ट करायचा. झालं. रोटाव्हेप नाही, फनेल नाही, वेस्टचा कॅन नाही.

आमच्या डिपार्टमेंटचे मामा, ज्यांनी आयुष्यभर सेपरेटिंग फनेल धुतले, ते पहिल्यांदा हा प्रकार बघायला येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "मॅडम, एवढ्याशा थेंबात काय घावणार हो?" प्रश्न एकदम बरोबर आहे आणि त्याचं उत्तर आकडेमोडीत आहे, तर तेवढी आकडेमोड करूया, दहावीच्या गणितावर भागते.

समजा पाण्यात ०.१ पीपीबी क्लोरपायरीफॉस आहे. जुन्या पद्धतीत एक लिटर घेतलं, म्हणजे एकूण १०० नॅनोग्रॅम माल हातात. सगळाच्या सगळा सॉल्व्हंटमध्ये आला असं धरू (येत नाही, पण धरू), तो शेवटी एक मिलीत आणला. आता जीसीला त्यातला किती मारतो? एक मायक्रोलिटर. म्हणजे हजारातला एक भाग. म्हणजे कॉलमवर पोचलं ०.१ नॅनोग्रॅम, आणि बाकीचे ९९९ भाग व्हायलमध्ये (काचेच्या छोट्या बाटलीत) बसून राहिले, उद्या परत रन करायचा झाला तर उपयोगाला, नाहीतर वेस्ट.

आता थेंब. ५ मिली पाण्यात एकूण माल फक्त ०.५ नॅनोग्रॅम. क्लोरपायरीफॉसला पाण्यापेक्षा तेलकट सॉल्व्हंट किती जास्त आवडतं त्याचा अंदाज ऑक्टॅनॉल आणि पाण्याच्या विभाजनावरून येतो, तो आकडा साधारण ५०,००० पट. एक मायक्रोलिटर थेंब म्हणजे ५ मिलीचा पाच हजारावा भाग. ५०,००० भागिले ५,००० म्हणजे १०. म्हणजे समतोल झाल्यावर थेंबात १० वाटे आणि पाण्यात १ वाटा, अकरातले दहा, ९१ टक्के माल त्या एवढ्याशा थेंबात. ०.४५ नॅनोग्रॅम. आणि थेंब पूर्ण इंजेक्ट होतो, मागे काही उरत नाही. म्हणजे लिटरभर पाणी आणि १८० मिली डीसीएम वापरून जेवढं कॉलमवर पोचत होतं त्याच्या चौपटीहून जास्त. प्रत्यक्षात वीस मिनिटांत समतोल होत नाही, पाव भागच रस्ता कापला जातो असं धरलं तरी बरोबरीत सुटतो. मामांना मी हे सगळं सांगितलं नाही, पीक (जीसीच्या आलेखावरचा उंचवटा) दाखवला. ते म्हणाले, "घावलं की."

मला या सगळ्या विषयातली ही एकच गोष्ट सगळ्यात जास्त आवडते. जास्त माल गोळा करणं म्हणजे जास्त चांगलं मोजणं, असं आपण गृहीत धरतो. पण डिटेक्टरला फक्त कॉलमवर पोचलेलं दिसतं, व्हायलमध्ये काय राहिलं त्याच्याशी त्याला काही घेणं नाही.

आणखी एक फायदा आहे जो फारसा कुणी बोलून दाखवत नाही. १८० मिली सॉल्व्हंट उडवून १ मिली केला म्हणजे पाण्यातल्या मालाबरोबर त्या सॉल्व्हंटमधली घाणसुद्धा १८० पट दाट झाली. म्हणून तर पेस्टिसाईड ग्रेडचे महागडे सॉल्व्हंट घ्यायला लागतात. थेंबात काही उडवायचंच नसतं, त्यामुळे सॉल्व्हंटची घाण आहे तेवढीच राहते.

हे शोधलं कुणी? १९९६ मध्ये दोन ठिकाणी साधारण एकाच वेळी झालं. टेक्सासमध्ये पूर्णेंदू दासगुप्ता आणि त्यांचे सहकारी लिऊ यांनी पाण्याच्या थेंबाच्या आत सॉल्व्हंटचा थेंब धरून दाखवला, आणि कॅनडात अल्बर्टा विद्यापीठात जीनॉट आणि कँटवेल यांनी टेफ्लॉनच्या कांडीच्या टोकाला ८ मायक्रोलिटर ऑक्टेनचा थेंब लावून तो ढवळत्या पाण्यात बुडवला. पुढच्याच वर्षी त्यांनी कांडी सोडून सरळ जीसीची सिरिंजच वापरली आणि तिथून ही पद्धत कुणालाही करता येण्यासारखी झाली, कारण सिरिंज तर प्रत्येक लॅबमध्ये असतेच. सिंगापूरमध्ये ली यांच्या ग्रुपनेही १९९७ मध्ये सिरिंजवरच काम केलं. आपल्याकडे जबलपूरच्या विद्यापीठात अर्चना जैन आणि कृष्ण वर्मा यांनी थेंबावर बरंच काम केलंय, त्यांचा २०११ चा रिव्ह्यू नवीन माणसाने वाचावाच.

आता प्रत्यक्ष कसं करतात. व्हायलमध्ये ५ मिली पाणी, ढवळायला छोटं मॅग्नेट, वरून सेप्टम (सुई आरपार जाईल असं रबरी झाकण). दहा मायक्रोलिटरची सिरिंज, आणि सुईचं टोक सपाट नको, तिरकं कापलेलं पाहिजे, कारण तिरक्या टोकाला थेंबाला धरून बसायला जागा जास्त मिळते. सिरिंज आधी सॉल्व्हंटने चांगली दहा-वीसदा वरखाली करून हवेचा बुडबुडा काढून टाकायचा, कारण बुडबुडा राहिला की थेंब फुगतो आणि सुटतो. सुई सेप्टममधून पाण्यात घालायची, स्टँडला क्लॅम्प करायची, आणि प्लंजर इतका हळू दाबायचा की टोकाला थेंब तयार होताना दिसला पाहिजे. पाण्याच्या आत तो काचेच्या मण्यासारखा चमकतो. मग स्टरर चालू. इथेच सगळी गंमत आहे. ढवळणं जास्त ठेवलं तर माल थेंबापर्यंत लवकर पोचतो, पण थेंब डोलायला लागतो, आणि मॅग्नेट जरा तिरका फिरला की गेला. ढवळणं कमी केलं तर थेंब सुखात बसतो आणि माल येत नाही. प्रत्येक स्टररचा स्वभाव वेगळा, डायलवर लिहिलेल्या आरपीएमवर विश्वास ठेवू नये, थेंबाकडे बघून ठरवावं. शेजारच्या टेबलावर कुणी सोनिकेटर (ध्वनिलहरींनी हादरवणारं यंत्र) लावला तर तो बंद करायला सांगावं, भांडण झालं तरी चालेल.

सॉल्व्हंट निवडताना लोक बरेचदा फक्त कशात माल विरघळेल ते बघतात. त्याआधी सॉल्व्हंट स्वतः पाण्यात किती विरघळतो ते बघा. टोल्यूइन घ्या, सगळ्यांचं आवडतं. ते पाण्यात लिटरला साधारण अर्धा ग्रॅम विरघळतं. अर्धा ग्रॅम म्हणजे ऐकायला किरकोळ, पण ५ मिलीला लावून बघा, अडीच मिलीग्रॅम, म्हणजे जवळजवळ ३ मायक्रोलिटर. तुमचा थेंब एक मायक्रोलिटरचा! म्हणजे पुरेसा वेळ दिला तर पाणी तो थेंब अख्खा गिळून टाकेल. वीस मिनिटांत गिळत नाही, पण बारीक होतो, आणि प्रत्येक वेळी सारखाच बारीक होईल याची खात्री नाही. हेक्झेन लिटरला दहा मिलीग्रॅमच्या आसपास विरघळतं, आयसोऑक्टेन त्याहून कमी, त्यांचे थेंब टिकतात. म्हणून थेंबात आधीच इंटर्नल स्टँडर्ड (तुलनेसाठी ठरावीक प्रमाणात घातलेला ओळखीचा पदार्थ) घालून ठेवायचं, म्हणजे थेंब लहान झाला किंवा ओढताना थोडा मागे राहिला तरी गुणोत्तर बिघडत नाही. आणि पाण्यात, एक्स्ट्रॅक्शनच्या आधी, वेगळं सरोगेट (औषधासारखंच वागणारं, पण सॅम्पलमध्ये एरवी नसणारं रसायन) घालायचं, ते थेंबापर्यंत पोचलं का ते बघायला. ही दोन वेगळी कामं आहेत, एकाच्या जागी दुसरं चालत नाही, तरी थिसिसमध्ये सर्रास एकच नाव दोन्हीला दिलेलं दिसतं.

आणि वेळ. समतोलापर्यंत आपण जातच नाही, वाटेतच थेंब बाहेर काढतो, त्यामुळे वीस मिनिटं म्हणजे वीसच, फोन आला म्हणून बावीस नाही. ज्या पदार्थाला थेंब जास्त आवडतो त्याला समतोलाला पोचायला उलट जास्त वेळ लागतो, कारण भरायचं भांडंच त्याच्यासाठी मोठं आहे. म्हणून कॅलिब्रेशन (किती मालाला केवढा पीक ते ठरवणं) सॉल्व्हंटमधल्या स्टँडर्डवरून करायचं नाही. स्वच्छ पाण्यात ठरावीक माल स्पाइक करून (मुद्दाम घालून) त्यावर तसंच, तेवढाच वेळ, त्याच ढवळण्याला थेंब लावायचा आणि त्यावरून लाईन काढायची. विहिरीचं पाणी पावसाळ्यात चहासारखं येतं, त्यातल्या ह्युमिक ॲसिडला आणि गाळाला क्लोरपायरीफॉस चिकटून बसतं आणि थेंबाकडे येतच नाही, तिथे स्वच्छ पाण्याची लाईनसुद्धा फसवते, त्याच सॅम्पलमध्ये वाढतं वाढतं स्पाइक घालून स्टँडर्ड ॲडिशन करायला लागतं. गाळून घ्यावं म्हटलं तर गाळाबरोबर त्याला चिकटलेला मालही गेला. मग तुम्ही जे मोजलं ते फक्त विरघळलेलं. ते रिपोर्टमध्ये लिहा एवढंच म्हणणं आहे.

मिठाबद्दल एक. मोठ्या फनेलमध्ये मीठ टाकलं की माल पाण्यातून बाहेर ढकलला जातो, सगळे टाकतात. बुडवलेल्या थेंबाच्या बाबतीत बरेचदा उलटा अनुभव येतो, जास्त मिठाने पीक लहान होतो. पाण्याचा थेंबाला लगटलेला पातळ थर मिठाने बदलतो आणि माल तिथून सावकाश सरकतो. त्यामुळे "सगळे टाकतात" म्हणून मीठ टाकू नका, टाकून आणि न टाकता दोन्ही बघा.

थेंब सांभाळायचा धीर ज्यांना नाही त्यांच्यासाठी २००६ मध्ये तेहरानहून एक पद्धत आली, रेझाई, असादी आणि मंडळींची, डीएलएलएमई (डिस्पर्सिव्ह लिक्विड-लिक्विड मायक्रोएक्स्ट्रॅक्शन). ही बघायलाच मजा. ५ मिली पाणी, त्यात एक मिली ॲसिटोन सिरिंजने जोरात मारायचं, आणि त्या ॲसिटोनमध्ये आधीच ८ मायक्रोलिटर टेट्राक्लोरोइथिलीन मिसळलेलं. ॲसिटोन पाण्यात विरघळतं, टेट्राक्लोरोइथिलीन फारसं विरघळत नाही, त्यामुळे ते एका क्षणात अगणित बारीक थेंबांमध्ये फुटतं आणि अख्खी ट्यूब दुधासारखी पांढरी होते. एका थेंबाऐवजी लाखो, त्यामुळे भेटण्याची जागा प्रचंड, वीस मिनिटांचं काम काही सेकंदात. मग सेंट्रिफ्यूज, आणि टेट्राक्लोरोइथिलीन पाण्यापेक्षा जड (१.६२) म्हणून निमुळत्या ट्यूबच्या बुडाशी एक टपोरा थेंब, त्यांच्या पेपरात साधारण ५ मायक्रोलिटर. ५ मिली भागिले ५ मायक्रोलिटर, म्हणजे सगळा माल आला तर बरोबर हजार पट दाट, आणि त्यांनी पीएएचसाठी (पॉलिसायक्लिक ॲरोमॅटिक हायड्रोकार्बन, म्हणजे नॅफ्थलीनसारख्या पदार्थांसाठी) दिलेले आकडे ६०३ ते १११३ आहेत, म्हणजे गणित जमतं. साध्या एफआयडीवर (माल ज्योतीत जाळून मोजणाऱ्या डिटेक्टरवर) केलं होतं त्यांनी, हे विशेष.

फुकट काही नसतं. ते एक मिली ॲसिटोन पाण्यात गेल्यावर पाणी थोडं "ऑरगॅनिक" होतं, मग मालाला पाण्यातच राहायला पूर्वीपेक्षा बरं वाटतं. दुसरं, ईसीडी नावाचा डिटेक्टर वापरत असाल तर क्लोरीनवाला सॉल्व्हंट चालणारच नाही. ईसीडीला क्लोरीनचा वास जरी आला तरी तो ओरडतो, म्हणून तर तो क्लोरपायरीफॉसला इतका चांगला, आणि तिथे तुम्ही शुद्ध टेट्राक्लोरोइथिलीन मारलं तर अर्धा क्रोमॅटोग्राम सॉल्व्हंटच्या शेपटीतच गेला. आणि हे टेट्राक्लोरोइथिलीनसुद्धा आयएआरसीच्या २ए मध्येच आहे बरं का, फक्त १८० मिली नाही, ८ मायक्रोलिटर. मग काहींनी हलका सॉल्व्हंट घेऊन तो वर तरंगवायचा आणि बर्फात गोठवून चमच्याने उचलायचा असं काढलं, डोडेकॅनॉल २४ डिग्रीला गोठतं म्हणून ते वापरतात. थंड देशात छान चालत असेल. आमच्याकडे एप्रिलमध्ये गोळी स्पॅच्युलावर आली की व्हायलपर्यंत पोचायच्या आत पाघळते.

आता ते शेवटचं नाव, मोनोक्रोटोफॉस. २०१७ मध्ये यवतमाळमध्ये फवारणी करताना शेतकऱ्यांना विषबाधा झाली तेव्हा हे नाव रोज पेपरात यायचं, त्यामुळे पाणी घेऊन येणारा माणूस हल्ली तेच नाव घेऊन विचारतो. आणि नेमकं तेच थेंबात येत नाही. मघाचंच गणित करा. ॲट्राझिनला ऑक्टॅनॉल पाण्यापेक्षा साधारण ४०० पट आवडतं, ५ मिलीला एक मायक्रोलिटर लावला तर समतोलालाही ७ टक्केच येतं, तरी ते निभावता येतं. मोनोक्रोटोफॉसला तर पाणीच जास्त आवडतं, आकडा एकच्या खाली. म्हणजे थेंबात यायचं प्रमाण दहा हजारात एखाद-दुसरं. थेंब वाढवा, वेळ वाढवा, ढवळा, काही होणार नाही, त्याला यायचंच नाही. आणि गंमत म्हणजे मर्यादा कुणाची कडक? क्लोरपायरीफॉसला ३० पीपीबी आणि मोनोक्रोटोफॉसला १. म्हणजे जे थेंबात मस्त सापडतं त्याला सूट जास्त आणि ज्यावर कडक नजर ठेवायची ते थेंबाच्या हातातून निसटतं. त्याच्यासाठी एलसी-एमएस-एमएस (द्रव क्रोमॅटोग्राफ आणि त्याला जोडलेलं, रेणू वजनावरून ओळखणारं मास स्पेक्ट्रोमीटर) पाहिजे, तिथे पाणी जवळजवळ तसंच मारता येतं. आणि क्लोरपायरीफॉस पाण्यात फुटल्यावर जे ट्रायक्लोरोपिरिडिनॉल तयार होतं ते मूळ औषधापेक्षा पाण्यात जास्त रमतं, तेही थेंबाला फारशी दाद देत नाही. त्यामुळे रिपोर्टवर एनडी (नॉट डिटेक्टेड, सापडलं नाही) लिहिलेलं दिसलं की मी आधी विचारते, कशाने काढलं होतं? त्या पद्धतीत ते यायला तरी पाहिजे होतं का?

ब्लँकबद्दल, म्हणजे माल नसलेल्या पाण्याच्या चाचणीबद्दल, न लिहून चालणार नाही. मिली-क्यू (अतिशुद्ध) पाण्यावर सगळं तसंच्या तसं करायचं आणि रन लावायचा. पहिल्यांदा लावणाऱ्याला धक्काच बसतो, कारण ज्या पाण्यात काहीच नाही त्यातही डायब्युटाइल थॅलेटचा (प्लॅस्टिक मऊ करायला घालतात त्या रसायनाचा) झक्कास पीक येतो. एमएसवर (मास स्पेक्ट्रोमीटरवर) १४९ चा आयन दिसला की ओळखायचं, पाहुणे आले. ते कुठूनही येतं, पिपेटच्या टिपमधून, ग्लोव्हजमधून, मिठाच्या प्लॅस्टिकच्या डब्यातून, लॅबच्या हवेतून. मीठ भट्टीत ४०० डिग्रीला तापवून घेतलं की त्याचा हिस्सा जातो, काचेच्या वस्तूंचंही तसंच, फक्त मापाची काच भट्टीत घालू नये, माप बिघडतं. सिरिंज मात्र तापवता येत नाही, ती धुवायचीच, आणि जास्त दाट सॅम्पलनंतर एक नुसत्या सॉल्व्हंटचा रन घ्यायचा, कारण मागच्या बाटलीचा माल पुढच्या शेतकऱ्याच्या विहिरीत दाखवणं हे पाप आहे.

मग एवढं चांगलं आहे तर टेस्टिंग लॅबमध्ये थेंब का दिसत नाही, हा प्रश्न दर वेळी येतो. एक तर एनएबीएलचा (लॅबना मान्यता देणाऱ्या संस्थेचा) स्कोप ज्या पद्धतीवर घेतलाय तीच पद्धत चालवायची, नवीन आणायची तर व्हॅलिडेशनची फाईल, ऑडिट, परत सगळं. दुसरं, थेंब हाताचा आहे. एकाच माणसाच्या हातून पाच टक्क्यांचा फरक येतो आणि तोच माणूस रजेवर गेला की दुसऱ्याच्या हातून तेवढ्यात राहील याची हमी कोण देणार, लॅबचा मालक तर देणार नाही. ऑटोसॅम्पलरला थेंब धरायला लावता येतं, पण पैसे असतील तर लोक ट्रिपल क्वाड (तेच मघाचं एमएस-एमएस) घेतात. मला तरी वाटतं की ही पद्धत खरी शोभते ती आपल्यासारख्या कॉलेजांत, जिथे एक जुनं जीसी आहे, सॉल्व्हंटचं बजेट मार्चमध्ये संपतं, आणि पोरांना विभाजन गुणांक फळ्यावर शिकवायचा की डोळ्याने दाखवायचा हा प्रश्न आहे. सॉल्व्हंट कमी लागतो हे उत्तम, पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे एम.एस्सी.च्या मुलाला आठवड्याभरात कळतं की आकडा कुठे बनतो.

करायचं असेल कुणाला तर कीटकनाशकाने सुरुवात करू नका, स्टँडर्ड महाग आणि उगाच जोखीम. एफआयडी असेल तर नॅफ्थलीन घ्या, डीएलएलएमई करा. नॅफ्थलीनचा विभाजनाचा आकडा दोन हजारांच्या आसपास आहे, त्यामुळे सगळं येत नाही आणि बरंचसं येतं, शिकायला एकदम योग्य. ५ मिलीला ८ मायक्रोलिटर धरून आधी कागदावर काढा किती टक्के यायला पाहिजे, मग करून बघा, आणि जो फरक येईल त्याचं कारण ॲसिटोनमध्ये शोधा. केमिकल मात्र बाटलीतलं घ्या. पैसे वाचवायला डांबरगोळी आणून विरघळवणारे पाहिलेत मी, पण बाजारातल्या बऱ्याच डांबरगोळ्या आता पॅराडायक्लोरोबेंझिनच्या असतात, मग पीक भलत्याच ठिकाणी येतो आणि दोन दिवस कॉलमला शिव्या घालण्यात जातात.